फुजीसान आणि पाच तलाव, प्रायव्हेट गाडीने एका दिवसात: सासूसासऱ्यांना घेऊन जाताय तर हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय ना ते तुम्हालाही बघता येईल. ठाण्याहून तुम्ही सहाजण येताय, दिवाळीच्या सुट्टीला जोडून नोव्हेंबरच्या मध्यावर, टोकियोत पाच दिवस. सासूसासरे सत्तरीचे, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास, मुलगा पाच वर्षांचा, सगळे शाकाहारी. तुम्हाला एका ठिकाणाहून प्रायव्हेट गाडीचा प्लॅन आलाय ज्यात एका दिवसात पॅगोडा, कावागुचिको तलाव, ओशिनो हाक्काईची तळी, फुजीवरचं फिफ्थ स्टेशन, हाकोने आणि शेवटी आउटलेट मॉल असं सगळं बसवलंय, आणि तुम्ही विचारताय की एवढे पैसे घालावेत की सरळ बसने जाऊन यावं, आणि डोंगर दिसलाच नाही तर काय.

मी टोकियोत राहते आणि गेली अकरा वर्षं गाईडचं काम करतेय, त्यातली निम्मी कामं फुजीचीच असतात आणि आपल्याकडची कुटुंबं आली की त्यात आईवडील असतातच. म्हणून स्पष्ट सांगते, तुमच्यासाठी प्रायव्हेट गाडी घ्याच, पण हा प्लॅन घेऊ नका.

दोघंच तरुण असते तर मी बसच म्हणाले असते. शिंजुकूहून कावागुचिकोला हायवे बस पावणेदोन तासात जाते, माणशी दोन हजार येनच्या थोडं वर तिकीट, शिंजुकूहून थेट ट्रेनही आहे, दोन तासांच्या आत-बाहेर आणि चार हजारांच्या आसपास. पण तिथे उतरल्यावर खरी कसरत सुरू होते, कारण तलावाभोवती फिरणाऱ्या लोकल बसेसना सीझनमध्ये एवढी गर्दी असते की एक बस सोडून दुसरीची वाट बघावी लागते, थंडीत, उभं राहून. सासूबाईंना ते झेपणार नाही. आणि प्रायव्हेट गाडीचा खरा फायदा मऊ सीटपेक्षा वेगळाच आहे हो. ढग कुठून येतायत ते बघून सकाळी सात वाजता दिवसाचा क्रम फिरवता येतो, त्याचे ते पैसे. ज्या कंपनीला क्रम बदललेला चालत नाही तिची गाडी घेऊन तुम्ही फक्त महागडी बस घेतलीत असं समजा.

क्रमाला एवढं का महत्त्व ते सांगते. फुजीसान (इथे कोणी फुजियामा म्हणत नाही, सान म्हणजे पर्वतच) ३७७६ मीटरचा एकटा उभा डोंगर आहे, आजूबाजूला त्याच्या तोडीचं काही नाही. ऊन वर आलं की उतारावरची हवा तापून वर चढते आणि त्यातलं बाष्प गार होऊन तिथेच ढग धरतो, त्यामुळे सकाळी आठला लख्ख दिसणारा डोंगर अकराला कमरेपासून वर गायब झालेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. उन्हाळ्यात हे रोजचंच, जून ते ऑगस्टमध्ये आलेल्यांना मी आधीच सांगून ठेवते की आशा ठेवा पण भरवसा नको. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान, हवा कोरडी असते. नोव्हेंबरचा मध्य त्याच्या उंबरठ्यावर आहे, म्हणजे तुमची वेळ चांगलीच आहे.

आता दुसरी गोष्ट जी प्लॅन विकणारे सांगत नाहीत. पाचही तलाव डोंगराच्या उत्तरेकडून पूर्वेकडे पसरलेत. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला कलून खालून जातो, त्यामुळे भर दुपारी कावागुचिकोच्या काठावर उभं राहिलं की सूर्य बरोबर डोंगराच्या मागच्या अंगाला येतो, आणि फोटोत डोंगर करडा, धुरकट, आकाश पांढरंफटक. लोक म्हणतात कॅमेरा खराब आहे. तसं नसतं, वेळ चुकलेली असते. म्हणून उत्तरेचे तलाव सकाळी करायचे आणि पूर्वेचा यामानाकाको संध्याकाळी.

मी तुमच्यासाठी दिवस लावला असता तर असा लावला असता. हॉटेलवरून सहाला निघायचं, मुलाला झोपेतच उचलून गाडीत टाकायचं. त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारला अंधारायला लागतं, हे आपल्याकडच्या लोकांच्या लक्षातच येत नाही, संध्याकाळी सातपर्यंत उजेड असेल असं धरून चालतात. चुओ एक्स्प्रेसवेवर दांगोझाका नावाचा मोठा थांबा आहे, तिथे टॉयलेट, गरम चहाचा कॅन (व्हेंडिंग मशीनमध्ये लाल पट्टी असलेलं ते गरम, निळी ते थंड, रॉयल मिल्क टी आपल्या लोकांना आवडतो). त्याच थांब्यावर मी फोनवर तलावांचे लाइव्ह कॅमेरे उघडून बघते आणि ड्रायव्हरशी बोलून ठरवते पहिलं कुठे.

आकाश मोकळं असेल तर मी जवळचं सोडून आधी लांबचं गाठते. म्हणजे कावागुचिकोवरून न थांबता पुढे पश्चिमेला अर्धा-पाऊण तास, शोजिको आणि मोतोसुको. बसवाले लोक इथपर्यंत क्वचित येतात, आणि सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा पाण्यात उलटा डोंगर दिसतो, साकासा फुजी म्हणतात त्याला. मोतोसुको पाचातला सगळ्यात खोल, १२१ मीटर, आणि हा डोंगर इथूनच जुन्या १००० येनच्या नोटेवर गेलाय, २००४ पासूनची ती नोट. २०२४ च्या जुलैत नवी नोट आली त्यावर होकुसाई या जपानी चित्रकाराची लाट आहे, पण जुन्या अजून चलनात आहेत, सुट्ट्यात एखादी आली तर जपून ठेवा आणि सासऱ्यांच्या हातात देऊन तिथे उभं करा, नोट आणि डोंगर शेजारी शेजारी धरून बघताना मोठी माणसं फार रमतात.

शोजिको सगळ्यात लहान, काठावर हॉटेलं मोजकी, कुठे एखादा मासे पकडणारा बसलेला. इथून जो फुजी दिसतो त्याला जपानी लोक कोदाकी फुजी म्हणतात, लेकराला कवेत घेतलेला फुजी, कारण समोर ओमुरोयामा नावाची एक बुटकी गोल टेकडी येते आणि ती मोठ्या डोंगराच्या मांडीवर बसल्यासारखी दिसते. दोन वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या एक आजी होत्या माझ्याबरोबर, ऐंशीच्या पुढच्या, नऊवारीवर स्वेटर आणि वर मफलर गुंडाळलेला. मी नाव सांगायच्या आधीच गाडीच्या दारात पाय खाली सोडून बसल्या बसल्या म्हणाल्या, "लेकरू घिऊन बसलीया की ही." मी त्यांना म्हटलं आजी इथले लोकपण हेच म्हणतात, तर त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही, म्हणाल्या, मग काय, दिसतंयच की. त्या अर्धा तास तशाच बसल्या होत्या, उतरल्याच नाहीत, आणि त्या दिवशी आम्ही दोन ठिकाणं गाळली. मला विचाराल तर त्या कुटुंबाची ती सगळ्यात चांगली ट्रिप झाली. तुमच्या सासूबाईंसाठी मी हेच सुचवीन, इथे गाडी काठाला लागते आणि चालायला जवळजवळ लागत नाही.

या बाजूची एक हकीकत मुलाला सांगा. सायको आणि शोजिको हे दोन्ही तलाव मिळून पूर्वी एकच मोठा तलाव होता. सन ८६४ मध्ये फुजीच्या कुशीतून लाव्हा वाहत आला, त्याने तलावाचा बराचसा भाग भरून टाकला आणि बाकीच्याचे तुकडे झाले. आजही या दोघांची आणि मोतोसुकोची पाण्याची पातळी जवळजवळ सारखीच असते, समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या आसपास, म्हणून खालून पाणी एकमेकांना जोडलेलं असावं असं मानतात. त्या लाव्ह्यावर जे जंगल उगवलं ते आओकिगाहारा, रस्ता त्यातूनच जातो, झाडांची मुळं जमिनीत जाऊच शकत नाहीत म्हणून दगडावरून सापासारखी पसरलेली दिसतात. आपणही दख्खनच्या लाव्ह्यावरच राहतो, सह्याद्रीचा बसाल्ट तोच, पण तो साडेसहा कोटी वर्षं जुना आणि हा अकराशे वर्षांचा, अजून माती धरायची आहे त्याला. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे फार भावतं. फुजी शेवटचा फुटला १७०७ मध्ये, तेव्हापासून शांत आहे.

तिथून परत कावागुचिकोच्या उत्तर काठावर, ओइशी पार्कला. सपाट आहे, व्हीलचेअरही जाते, टॉयलेट स्वच्छ, समोर अख्खा डोंगर. कोचिया नावाची लाल झुडपं तिथे ऑक्टोबरात बघण्यासारखी असतात, तुम्ही जाल तेव्हा बहुतेक संपलेली, पण त्याच काठावर मोमिजी काइरो म्हणून मेपलच्या झाडांचा रस्ता आहे तो नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून पेटतो. तिथे गर्दी असते, गाडी लांब लावावी लागते, सासूबाईंना घेऊन अर्धाच रस्ता करा, पुरे होतो.

पॅगोडाबद्दल. चुरेइतो पॅगोडा, म्हणजे तो लाल पाच मजली आणि मागे फुजी असा जो फोटो तुम्ही शंभरदा पाहिलाय, तिथे ३९८ पायऱ्या आहेत आणि फोटोची जागा पॅगोडाच्याही वर. शेजारून वळणाची चढाची वाट आहे पण तीही चढच, गुडघेवाल्यांसाठी सोपी नाही. प्लॅनमध्ये हे पहिलंच ठेवलेलं असतं आणि घरातलं मोठं माणूस खाली गाडीत तासभर बसून राहतं. मी सुरुवातीच्या वर्षांत हे करत होते, सगळ्यांना वर न्यायची आणि आजोबा खाली. एकदा खाली आले तर एक काका थंडीत गाडीबाहेर उभे, ड्रायव्हर टॉयलेटला गेलेला, ते त्यांच्या मुलीला म्हणाले तू बघितलंस ना मग झालं. तेव्हापासून मी मोठ्यांना सोडून जायचं ठिकाण प्लॅनमध्ये घालत नाही. जायचंच असेल तर आधी मोठ्यांची उबदार सोय बघा, ओइशी पार्कच्या कॅफेत नणंद त्यांच्याजवळ बसेल आणि तुम्ही तिघं वीस-पंचवीस मिनिटांवर जाऊन या, असं. बाकी तो पॅगोडा प्राचीन नाही, १९६३ मध्ये युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलाय, त्यामुळे "एवढं ऐतिहासिक चुकलं" असं वाटून घेऊ नका.

लॉसनच्या दुकानावर फुजी बसलेला दिसतो तो फोटोही तुम्ही विचारलाय. २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या नगरपालिकेने रस्त्यापलीकडे अडीच मीटर उंच काळी जाळी लावली होती कारण लोक फोटोसाठी वाहत्या रस्त्यात घुसत होते आणि समोरच्या दवाखान्याच्या आवारात चढत होते, ऑगस्टमध्ये वादळाच्या भीतीने काढली. मी थांबत नाही तिथे. फुजीयोशिदाच्या होनचो रस्त्यावरही तेच, सिग्नलच्या मधोमध उभं राहून रील्स. तिथे माणसं राहतात, मुलं शाळेत जातात, आणि परदेशी पाहुण्यांवर त्यांचा राग वाढत चाललाय तो आपल्यामुळे वाढू नये एवढं मला मनापासून वाटतं.

फिफ्थ स्टेशन म्हणजे डोंगरावर २३०५ मीटरपर्यंत गाडीरस्ता जातो ती जागा. तुमच्या दिवशी मी गाळेन. डोंगरावर गेलं की डोंगर दिसत नाही, दुकानं दिसतात, आणि नोव्हेंबरात बर्फ पडलं की रस्ता मध्येच बंद करतात. बर्फ म्हटलं की आठवलं, सगळे विचारतात डोक्यावर पांढरी टोपी असेल ना. बहुतेक असतेच, पण २०२४ मध्ये पहिलं बर्फ दिसायला ७ नोव्हेंबर उजाडला, नोंदी सुरू झाल्या १८९४ पासून एवढा उशीर कधीच झाला नव्हता. त्यामुळे टोपी जाड असेलच अशी खात्री मी देत नाही.

हाकोने प्लॅनमधून काढून टाका. अशिनोको तलाव, गंधकाच्या वाफा, रोपवे सगळं छान आहे पण ते डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, त्याला स्वतःचा एक दिवस लागतो. एकाच दिवसात दोन्ही म्हणजे पाच-सहा तास गाडीतच. आउटलेट मॉलचंही तेच, "अर्धा तासच" म्हणून आत गेलेलं कुटुंब दोन तासांनी बाहेर येतं हा माझा अनुभव आहे.

दुपारी ओशिनो हाक्काई ठेवा, ते सपाट आहे. फुजीवरचं बर्फ वितळून मुरतं आणि लाव्ह्याच्या थरांतून वर्षानुवर्षं गाळून इथे झऱ्यांनी वर येतं, अशी आठ तळी, पाणी इतकं नितळ की खोली कळत नाही, आणि बारमाही १३ अंशांच्या आसपास. एक मात्र लक्षात घ्या, दुकानाजवळच्या ज्या गोल निळ्या तळ्याभोवती सगळे गर्दी करतात ते त्या आठांपैकी नाही, ते माणसाने खणलेलं आहे. खरं बघायचं तर जवळचं वाकुइके बघा, तळाची वाळू झऱ्याने हलताना दिसते. आणि पाण्यात नाणी टाकू नका, आपल्याकडे नदीत टाकायची सवय असते, इथे मनाई आहे.

तिथून यामानाकाको दहा-पंधरा मिनिटं. पाचातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात उंचावरचा, ९८० मीटर. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत या काठावरून सूर्य बरोबर फुजीच्या माथ्यावर टेकताना दिसतो, त्याला डायमंड फुजी म्हणतात, कुठल्या तारखेला काठावरच्या कुठल्या जागेवरून ते ठरलेलं असतं, ड्रायव्हरला किंवा गाईडला आधी विचारून ठेवा. सूर्य डोंगरामागे जातो म्हणून हे खऱ्या सूर्यास्ताच्या बरंच आधी होतं, तेव्हा तीनच्या सुमाराला तिथे हजर हवं. थंडी तिथे एकदम उतरते, सूर्य गेला की पाच मिनिटांत, तर मुलाची कानटोपी गाडीत राहायला नको, हातात असू द्या.

परतताना आल्या वाटेने येऊ नका. चुओ एक्स्प्रेसवेवर कोबोतोके बोगद्याजवळचा ट्रॅफिक जॅम प्रसिद्ध आहे, रविवारी संध्याकाळी तर ठरलेलाच. यामानाकाकोवरून गोतेम्बाकडे उतरून तोमेई एक्स्प्रेसवेने टोकियो गाठायचं, त्यालाही गर्दी लागते पण निवड तरी हातात राहते. आणि शक्यतो शनिवार-रविवार नकोच, ३ आणि २३ नोव्हेंबर या सरकारी सुट्ट्यांच्या आसपासही नको, मंगळवार ते गुरुवार बघा.

जेवणाचं मनावर घ्या, कारण इथेच चिडचिड होते. या भागातलं प्रसिद्ध जेवण म्हणजे 'होतो' नावाचा पदार्थ, रुंद जाड नूडल्स, भोपळा, मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) रस्सा. फोटोत शाकाहारी वाटतं, पण रश्शाला दाशी म्हणजे उकळून काढलेला अर्क असतो आणि तो बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा. "मांस नको" म्हटलं की ते वरचं मांस काढतील, रस्सा तोच राहील, त्यांच्या दृष्टीने ते मांस नव्हेच. योशिदा उदोन या इथल्या दुसऱ्या नूडल्समध्ये तर घोड्याचं मांस घालायची पद्धत आहे, न विचारता मागवू नका. माझी पद्धत अशी की आदल्या रात्री टोकियोतल्या निशिकासाईकडच्या भारतीय हॉटेलातून पराठे, जिरा राइस बांधून घ्यायचं, तुमचे दशम्या-चटणी असतील तर उत्तमच. कावागुचिको स्टेशनच्या आसपास भारतीय हॉटेलं आहेत, गरम वरणभातासाठी तिथे एक थांबा ठेवता येतो. गाडीत खाणार असाल तर ड्रायव्हरला आधी विचारा, आणि कचऱ्याची पिशवी जवळ ठेवा, रस्त्यावर कचराकुंड्या नाहीत, सगळं हॉटेलवर परत न्यायचं.

डोंगर दिसलाच नाही तर. पहिलं म्हणजे एक तारीख पक्की करू नका, पाच दिवसांत दोन तारखा धरा आणि कंपनीला लेखी विचारा की आदल्या दिवशी दुपारपर्यंत दिवस बदलता येईल का. काही नाही म्हणतात, काही थोडे पैसे घेऊन हो म्हणतात, ते पैसे द्या. हवामान टोकियोचं बघू नका, फुजीकावागुचिको गावाचं बघा. तरीही ढगच असतील तर दिवस रिकामा जात नाही. कावागुचिकोच्या काठावर कुबोता इच्चिकु यांचं किमोनोचं म्युझियम आहे, सैबेरियात युद्धकैदी राहून परत आलेला हा माणूस, विसरली गेलेली त्सुजिगाहाना ही रंगाईची कला त्याने पुन्हा उभी केली आणि एकामागून एक किमोनो शेजारी टांगले की सलग एक निसर्गचित्र होतं. पैठणीचा पदर हातात घेऊन उलटा करून बघणाऱ्या बायका तिथून हलत नाहीत. सायकोच्या काठावर इयाशी नो सातो हे गवती छपरांचं गाव आहे, १९६६ च्या वादळात दरड कोसळून मूळ गाव गाडलं गेलं होतं, चाळीस वर्षांनी त्याच जागी तशीच घरं पुन्हा बांधली. तिथे मी आपल्या लोकांना दोन मिनिटं माळीणबद्दल बोलताना ऐकलंय, आपोआपच निघतो विषय. नारुसावाच्या बर्फाच्या गुहेत मात्र सासूबाईंना नेऊ नका, पायऱ्या ओल्या आणि वाकून चालावं लागतं.

पैशांचं आणि गाडीचं शेवटी, पण हे सगळ्यात आधी तपासा. फोटो मागवा आणि नंबरप्लेट बघा. हिरवी प्लेट म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली गाडी, ड्रायव्हरचं लायसन्सही वेगळ्या वर्गाचं लागतं. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी, त्यात पैसे घेऊन माणसं नेणं बेकायदा आहे, शिरोताकु म्हणतात त्याला. स्वस्त कोटेशन बऱ्याचदा असंच असतं, आपली भाषा बोलणारा कोणी तरी देत असतो म्हणून विश्वास बसतो, पण अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो, आणि तुमच्याबरोबर लहान मूल आणि दोन म्हातारी माणसं आहेत. दहा तासांच्या परवानाधारक मोठ्या गाडीला टोल-पार्किंगसकट साठ हजार येनच्या बरंच खाली कोणी सांगत असेल तर दोनदा विचारा. दहा तासांनंतरचा दर काय, गाईड वेगळा की ड्रायव्हरच इंग्रजी बोलणार, हे लिहून घ्या. सहा वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट लागते, टॅक्सीला नियमातून सूट आहे तरी मागून घ्या, हायवेवर जाणार आहात. गाडीची पायरी किती उंच तेही विचारा, हायएस व्हॅनमध्ये चढताना गुडघे बोलतात, अल्फार्ड गाडी खालची पडते पण सहाजण आणि बॅगा म्हणजे त्यात दाटीवाटी, बॅगा हॉटेलवरच ठेवा. ड्रायव्हरला टिप द्यायची पद्धत नाही, चिवड्याचं किंवा लाडवाचं छोटं पाकीट दोन्ही हातांनी द्या, फार खूश होतात.

तारखा ठरल्या की इथेच लिहा, डायमंड फुजीची जागा बघून सांगते. कॅमेरे तर मी रोज सकाळी उघडतेच.